सावलीतली सुगंधी फुलझाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अंगणात ऊन जेमतेम येतं. तरी सुगंधी फुलं मिळतील का?

मिळतील. पण मोगरा, निशिगंध आणि गुलाब यांचा नाद सोडावा लागेल. या तिघांना रोज 6 तास तरी थेट ऊन हवं. सावलीतला मोगरा वर्षानुवर्षं हिरवागार राहतो आणि कळी धरत नाही. कितीही खत घातलं तरी त्यात फरक पडत नाही. त्याऐवजी मोठ्या झाडांच्या छायेत किंवा ओढ्याकाठच्या ओलीत वाढणारी झाडं निवडा: सोनटक्का, भुईचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, अनंत, कुंती आणि अ‍ॅमेझॉन लिली. एकदा रुजली की ही सगळी वर्षानुवर्षं टिकतात, दरवर्षी नवं रोप आणावं लागत नाही. महाराष्ट्र-गोव्यातल्या बहुतेक घरांच्या मागच्या परसात, चौकात किंवा गॅलरीत यांतली तीन-चार तरी नक्की जमतात.

सावली किती आहे हे कसं ओळखायचं?

जिथे झाड लावायचं तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर ते ऊन. कड पुसट, पण बोटं मोजता येतात, ही मध्यम सावली. नुसता धूसर डाग दिसला किंवा तोही दिसला नाही, तर दाट सावली. हे सकाळी 10, दुपारी 1 आणि 4 वाजता असं तीनदा करा, शिवाय एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात. दोन्ही ऋतूंत पाहायला सांगतो त्याला कारण आहे. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात. त्यामुळे ‘उत्तरेच्या गॅलरीत ऊन येत नाही’ हे हिवाळ्यात खरं असलं, तरी ऐन उन्हाळ्यात तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं आणि सावलीला सरावलेली पानं करपतात. दक्षिणेच्या गॅलरीत याच्या उलट: डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं, जूनमध्ये वरच्या छज्जामुळे जवळजवळ नसतंच.

मग कुठे काय लावावं?

सकाळचं 3-4 तास ऊन आणि दुपारी सावली ही सर्वांत चांगली जागा. ती अनंत आणि सोनटक्क्यासाठी राखून ठेवा. मध्यम सावलीत कुंती आणि हिरवा चाफा चालतात. कुंतीला उजेड जितका कमी तितके बहर कमी येतात, पण येतात. कवठी चाफ्याला मात्र दुपारचं थेट ऊन मानवतच नाही, त्याला घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची आडोशाची जागा द्या. दाट सावलीत अ‍ॅमेझॉन लिली. भुईचाफ्याचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईलच.

जिन्याखाली किंवा डक्टमध्ये, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे सुगंधी फूल येणार नाही. तिथे पानांची झाडं लावा.

सोनटक्का कधी आणि कसा लावायचा?

मृगाच्या आसपास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. सोनटक्का आल्याच्या कुळातला आहे आणि आल्यासारखाच गड्ड्यांपासून लावतात. किमान 2-3 डोळे असलेला, बोटांनी दाबला तर टणक लागणारा तुकडा घ्या. कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून कुज धरते. गड्डा आडवा ठेवून डोळे वर करा आणि त्यावर 3 ते 5 सेंटिमीटरच माती घाला. खोल गाडणं ही सर्वांत नेहमीची चूक. हा गड्डा मातीच्या पृष्ठभागालगत पसरत जाणारा आहे. वीतभर खाली गाडला तर कोंब उशिरा येतो किंवा वाटेतच सडतो.

दोन गड्ड्यांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर हवं. झाड माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत कुठेही पोचतं आणि बेट दरवर्षी वितभर तरी पसरतं, म्हणून पाऊलवाटेच्या अगदी कडेला लावू नका. कुंडीतच लावायचा असेल तर 14 ते 16 इंच रुंद टब घ्या. इथे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची.

कोकणात सोनटक्का पूर्वीपासून मोरीच्या पाण्यावर किंवा पाटाच्या कडेला लावतात आणि ते बरोबरच आहे: त्याला पाय ओले हवेत. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी सतत जात असेल तर क्षार साचून पानांच्या कडा तपकिरी होतात. भांडी विसळल्याचं, तांदूळ-भाजी धुतल्याचं पाणी खुशाल सोडा.

दोन वर्षं झाली, सोनटक्का उंच वाढतो पण फुलत नाही. का?

तीन कारणं असतात आणि बहुधा त्यांतलं एक लागू पडतं. पहिलं, उजेड कमी. दाट सावलीत दांडे बारीक होऊन उजेडाकडे झुकतात. असं दिसलं तर बेट हलवावंच लागेल. दुसरं, नत्र जास्त. शेणस्लरी किंवा युरिया सारखा मिळत राहिला की पानं गडद आणि लुसलुशीत होतात, फूल मागे पडतं. तिसरं आणि सर्वांत दुर्दैवी म्हणजे चुकीची छाटणी. सोनटक्क्याचा प्रत्येक दांडा आयुष्यात एकदाच, शेंड्याला फुलतो. थंडीत बाग साफ करताना सगळे दांडे सरसकट कापले, तर न फुललेले दांडेही जातात आणि बेटाला पुन्हा शून्यापासून उभं राहावं लागतं. म्हणून फुलून गेलेलाच दांडा ओळखून जमिनीलगत कापा. त्याच्या टोकाला खवल्यांचा वाळका शंकू असतो.

बेट तीन वर्षांचं झालं की मधला भाग जुन्या, निपजत नसलेल्या गड्ड्यांनी भरतो आणि फुलं फक्त कडेला येतात. मे महिन्याच्या शेवटी सगळं उकरा, कडेचे ताजे गड्डे पुन्हा लावा, मधले टाकून द्या.

भुईचाफा हिवाळ्यात नाहीसा झाला. मेला का?

नाही. कृपा करून उकरून पाहू नका.

भुईचाफा पानगळीच्या जंगलाच्या तालावर चालतो. थंडी सुरू झाली की पानं पिवळी पडून जमिनीवर लोळतात आणि काही महिने वर काहीच दिसत नाही. चैत्र-वैशाखात, वरच्या झाडांची पानं झडलेली असताना, मातीतून थेट जांभळट-पांढरी फुलं वर येतात. ना दांडा, ना पान. एक फूल एक दिवस टिकतं, सकाळी उमलतं, पण एका जोमदार गड्ड्यातून दिवसाआड फुलं येत राहतात. पानं त्यानंतर, पावसाबरोबर. वरून चंदेरी-हिरवी नक्षी आणि खालून वांगी रंगाची ही पानं फुलांइतकीच देखणी.

अडचण येते ती या विश्रांतीच्या काळात. रिकामी कुंडी दिसते म्हणून तिला इतर कुंड्यांबरोबर रोज पाणी जातं आणि गड्डा सडतो. डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत पाणी बंद, फार तर महिन्यातून एकदा पेलाभर. कुंडीत काडी रोवून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कोणी त्यात कोथिंबीर पेरणार नाही. पहिल्या फुलाचं टोक दिसलं की पाणी सुरू.

लावणी जानेवारी-फेब्रुवारीत. गड्ड्याला मुळांच्या टोकाशी लोंबणारे गोल, रसरशीत कंद दिसतील. ते अन्नसाठ्याचे आहेत, त्यांना डोळा नसतो. नुसते तेच लावले तर काहीच उगवत नाही. डोळा असलेला वरचा गड्डा आणि त्याला लटकलेले दोन-तीन कंद असा तुकडा 4 सेंटिमीटर खोल लावा. 8-10 इंचांची पसरट कुंडी पुरते.

आंब्याच्या झाडाखाली काय लावता येईल?

आंब्याखालची सावली ही कोरडी सावली असते. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस पानांवरच अडतात आणि जे खाली पोचतं ते आंब्याची मुळं ओढून घेतात. त्यामुळे तिथे सोनटक्का उन्हाळ्यात वाळतो. भुईचाफा मात्र टिकतो, कारण कोरड्या महिन्यांत तो झोपलेलाच असतो. तिथे अनंत किंवा कवठी चाफा हवाच असेल तर कुंडी अर्धी जमिनीत पुरा, म्हणजे मुळांची लढाई होत नाही. मोठी मुळं तोडून खड्डा करू नका. गळलेली पानं झाडून नेऊ नका. त्यांचा 5-7 सेंटिमीटर थर फुलझाडांभोवती पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका.

अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. काय करावं?

ही तक्रार सर्वाधिक येते. अनंताची कळी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि एवढ्या काळात झाडाला बसलेला कुठलाही धक्का ती गळून दाखवते. सर्वांत मोठा धक्का पाण्याचा: चार दिवस कोरडं आणि मग बादलीभर. कळ्या धरल्यापासून माती सतत ओलसर राहिली पाहिजे, चिखल नाही आणि भुकटीही नाही. दुसरा धक्का जागा बदलण्याचा. कळ्या दिसल्या म्हणून कुंडी दर्शनी ओट्यावर आणून ठेवतात आणि आठवड्यात सगळ्या कळ्या खाली येतात. कळीवर असलेली कुंडी हलवू नका, फिरवूही नका. तिसरं कारण एप्रिल-मेचा गरम कोरडा वारा. अशा वेळी आजूबाजूची फरशी संध्याकाळी ओली करा आणि कुंड्या जवळजवळ मांडा.

रोपवाटिकेतून कळ्यांनी लगडलेलं रोप आणलं आणि घरी सगळ्या गळल्या, तर तो दोष तुमचा नाही. पुढच्या बहरापर्यंत थांबा. विकत घेताना कळ्या मोजण्यापेक्षा नवी, चकचकीत पालवी आहे का ते पाहा.

अनंताला कळी धरायला रात्रीचा गारवा लागतो. म्हणूनच पुण्या-नाशकाकडे तो जसा लगडतो, तसा मुंबईत बंद गॅलरीत लगडत नाही. तिथे तो उघड्या, हवेशीर कोपऱ्यातच ठेवा.

अनंताची पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात.

हे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. मातीत लोह नसतं असं नाही. माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. देशावरची काळी माती चुनखडीयुक्त, त्यात बोअरचं जड पाणी, त्यामुळे हा त्रास तिथे जास्त. कोकणातल्या जांभ्या मातीत सहसा होत नाही. अनंताला 5 ते 6 सामू (pH, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा) लागतो.

तातडीचा उपाय फवारणी: एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना, 10 दिवसांच्या अंतराने तीनदा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फरशी आणि कपड्यांवर हिराकसाचे गंजासारखे डाग पडतात, ते निघत नाहीत; कुंडीखाली पोतं अंथरा. नुसता हिराकस चुनखडीच्या मातीत घालण्यात अर्थ नाही, कारण तो काही दिवसांत बांधला जातो. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या आणि पाकिटावरचं प्रमाण पाळा. कायमचा उपाय म्हणजे काळी माती टाळून कुंडीत नवं मिश्रण भरणं आणि पावसाचं साठवलेलं पाणी देणं. लाकडाची राख, चुना आणि अंड्याची टरफलं अनंताला कधीही घालू नका, तिन्ही सामू वाढवतात. वापरलेली चहाची पत्ती चांगली धुऊन घातली तर चालते, पण जड पाण्याचा परिणाम ती पुसू शकत नाही.

कुंडीसाठी मातीचं मिश्रण कसं असावं?

दहा घमेली भरायची असतील तर 4 लाल माती, 3 पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, 2 कोकोपीट आणि 1 भाताची तुसं किंवा जाडी वाळू. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. अनंतासाठी एक घमेलं माती कमी करून पालापाचोळ्याचं खत वाढवा. सोनटक्क्याला वाळूची गरज नाही. कच्चं शेणखत कुठेही नको. सावलीत ते हळू कुजतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

पाणी रोज द्यायचं का?

नाही. सावलीतली झाडं मरतात ती बहुधा तहानेनं नाही, पाण्यानं. उन्हातल्या कुंडीचं वेळापत्रक सावलीतल्या कुंडीला लावलं की मुळं गुदमरतात, आणि गंमत अशी की गुदमरलेलं झाडही तहानलेल्यासारखंच मान टाकतं. मग लोक आणखी पाणी घालतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला: कोरडं लागलं तरच पाणी, आणि ते तळाच्या भोकातून निघेपर्यंत. यात अपवाद कळीवरचा अनंत आणि सोनटक्का. पावसाळ्यानंतर सोनटक्क्याची माती वरूनही कोरडी होऊ देऊ नका.

खत किती?

उन्हातल्या झाडांच्या निम्मं. जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये प्रत्येक कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड. थंडीत काहीच नको.

हिरव्या चाफ्याचा घमघमाट येतो, पण फूल दिसतच नाही!

कारण ते पानाच्याच रंगाचं असतं. कळी आणि कोवळं फूल हिरवं व जवळजवळ बिनवासाचं. पिकून पिवळट व्हायला लागलं की पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो. शोधायचं तर फांदीवर आकडे पाहा. फुलाचा देठच आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्याच आकड्यांनी ही वेल आधार धरते. वाटीभर पाण्यात फूल ठेवलं की खोली भरून जाते.

ही कुंडीतली वेल नाही. जमिनीत दीड फूट खड्डा, मजबूत मांडव किंवा भिंतीचा आधार आणि दरवर्षी बहर सरल्यावर हलकी छाटणी एवढं हवं. बियांपासूनच्या रोपाला फूल यायला बरीच वर्षं जातात, म्हणून गुटी कलमाचंच रोप मागा.

कवठी चाफा आणि अ‍ॅमेझॉन लिली यांची काही खास काळजी?

कवठी चाफा फार हळू वाढतो. घाई करू नका आणि छाटू नका. खाली मान घातलेली कळी संध्याकाळी उमलते, रात्री दरवळते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाकळ्या गळतात. त्याची मुळं नाजूक असतात, कुंडी बदलताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका.

अ‍ॅमेझॉन लिलीला गर्दी आवडते. 8 इंचांच्या कुंडीत तीन-चार कंद, माना मातीच्या पातळीवर, असे लावा आणि तीन वर्षं हलवू नका. फुलासाठी एक युक्ती आहे: तीन-चार आठवडे पाणी बरंच कमी करा, पानं थोडी ढिली पडेपर्यंत, मग पुन्हा नेहमीसारखं सुरू करा. बहुतेक वेळा त्यानंतर दांडा येतो. कुंतीही अशीच वागते, कोरड्या काळानंतरच्या चांगल्या पावसावर ती एकदम फुलते.

कीड कुठली येते?

अनंतावर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी. त्यांच्या चिकट विष्ठेवर काजळीसारखी काळी बुरशी चढते; बुरशी पुसून उपयोग नाही, कीड घालवा. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली द्रव साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा, पानांच्या खालच्या बाजूला. सोनटक्क्याचा मधला कोंब अचानक वाळला आणि दांड्याला भोक व भुसा दिसला तर तो खोडकिडा: दांडा भोकाच्या खाली कापून नष्ट करा. लिलीच्या पानांवर काळ्या, ठिपकेदार अळ्या रातोरात ताव मारतात, त्या हातानेच वेचा. पावसाळ्यात गोगलगायींसाठी ओलं पोतं अंथरून त्याखाली कोबीची पानं ठेवा. सकाळी पोतं उचला आणि गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. मीठ थेट मातीवर टाकू नका.

सुगंधी झाडांपाशी साप येतात, हे खरं का?

फुलांच्या वासाला साप येत नाहीत. ते बेडूक, उंदीर आणि लपायला जागा शोधतात. सोनटक्क्याच्या दाट, ओल्या बेटात हे सगळं मिळतं, म्हणून बेटाचे खालचे वाळके दांडे काढून बुंधा मोकळा ठेवा आणि दाराला लागून बेट करू नका. रात्री तिथे जाताना विजेरी न्या.

घरात लहान मुलं आणि कुत्रं आहे. काही विषारी आहे का?

अ‍ॅमेझॉन लिलीचे कंद विषारी आहेत, पोटात गेले तर उलट्या होतात. सावलीसाठी रातराणीही सुचवली जाते, पण तिचे सर्व भाग, विशेषतः पांढरी फळं, विषारी. निळी-पांढरी फुलं येणारी ब्रन्सफेल्शिया कुत्र्यांना फार घातक. कुत्रं असलेल्या घरी ती नकोच.

फुलं येतात, पण वास येत नाही.

किती वाजता पाहता? सोनटक्का, कवठी चाफा, कुंती यांचा सुगंध संध्याकाळनंतर चढतो, कारण पांढरी फुलं आणि रात्रीचा दरवळ हे निशाचर कीटकांना बोलावण्यासाठी आहे. दुपारी त्यांना वास नाही म्हणणं अन्याय होईल. दुसरं, वारा. दहाव्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीत सुगंध साठतच नाही. तिथे झाड भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिडकीखाली ठेवा. तीन बाजूंनी बंद चौक असेल तर एक सोनटक्का पुरतो.

आम्ही इंदूरला असतो. तिथे जमेल का? आणि परदेशी मुलीकडे गड्डे नेले तर?

इंदूर-बडोद्याकडे सोनटक्का आणि भुईचाफा दोन्ही जमतात. थंडीत सोनटक्क्याची पानं करपतील, गड्डे जिवंत राहतात. मे महिन्यात मात्र पाचोळ्याचं जाड आच्छादन आणि दिवसाआड पाणी हवं. परदेशी गड्डे सामानात घालून नेऊ नका. बहुतेक देशांत त्यावर बंदी असते, आणि सोनटक्का ब्राझील, दक्षिण आफ्रिका व हवाई इथल्या ओल्या जंगलांत तणासारखा पसरला आहे. तिथल्या रोपवाटिकेत मिळत असेल तर टबात लावा, हिवाळ्यात टब घरात घ्या.

सोनटक्क्याची फुलं वेणीसाठी कधी काढावीत?

दुपारी चार-साडेचारला, कळी पांढरी, लांब आणि फुगलेली पण मिटलेली असताना. ओल्या पातळ फडक्यात सैल गुंडाळून ठेवा; दिवेलागणीला उमलतात. फ्रीजमध्ये ठेवलेल्या कळ्यांच्या पाकळ्या तपकिरी पडतात. खवल्यांचा शंकू खुडू नका, फक्त कळी देठातून अलगद ओढा. त्याच शंकूतून पुढचे अनेक दिवस रोज एक-दोन कळ्या येत राहतात, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास तर पाच-सहा दांड्यांच्या बेटातून रोजची छोटी वेणी निघते.